फिंटन स्काहिलचं पोतेरं

डेलिया हेव्हरननं त्या दिवशी आवाज चढवला नाही. क्लूनशी गावात तिला ओळखणाऱ्यांनी तेव्हाच समजायला हवं होतं, की आता कुणाची तरी धडगत नाही.

मार्चातला रविवार होता. चर्चमधली मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये फुटबॉल क्लबच्या नव्या जर्सीचं अनावरण होतं. अनावरण! जर्सीचं! पूर्वी नवा संच आला की आधीचे अध्यक्ष मास्तर लॅव्हिन गाडीच्या डिकीतून पुठ्ठ्याचं खोकं काढायचे, पोरं आपापला नंबर उचलायची आणि विषय संपायचा. पण फिंटन स्काहिल अध्यक्ष झाल्यापासून सगळ्याला पडदा, माईक आणि फोटोग्राफर लागायला लागला होता. त्याचा धंदा घरं-जमिनी विकण्याचा. भिंतींना ओल चढलेलं घर ‘तळ्याकाठचं’ म्हणून खपवणारा माणूस तो. त्याला एक जर्सी खपवायला कितीसा वेळ लागणार?

पडदा सरकला आणि हॉलमध्ये चहाचे कप तोंडाशी नेता नेता थांबले.

क्लूनशीची जर्सी म्हणजे पांढरी, छातीवर एक रुंद हिरवा पट्टा, आणि कॉलर. बस्स. शहरातल्या मॅकनिफच्या विणकाम कारखान्यात शिवलेली, नंबर कापडाचे, चारी बाजूंनी टाके घातलेले. पावसात भिजली की मेंढीएवढी जड व्हायची हे खरं, पण लांबून कुणीही सांगेल, ती बघा क्लूनशीची पोरं. आणि ही नवी? खांद्यावर हिरव्यासारखा काहीतरी रंग, तो छातीवर येईपर्यंत निळसर झालेला, पोटाशी पार विरघळून दुधाळ. वरून फुटक्या काचेचे तुकडे उधळल्यासारखी नक्षी. कॉलर गायब. आणि छातीवर हे एवढ्या अक्षरांत ‘स्काहिल प्रॉपर्टीज’.

“फिआनोर कंपनीचं काम आहे,” फिंटन माईकवरून सांगत होता. “मोठमोठे क्लब त्यांच्याकडूनच घेतात. कापड श्वास घेतं.”

“श्वास घेतं?” डेलियाच्या शेजारी बसलेली दुकानदारीण ब्रेडा पुटपुटली, पण ब्रेडाचं पुटपुटणं म्हणजे तीन रांगांना ऐकू जाणारं. “अगं बाई, माझ्या दुकानात फरशी पुसायला अस्संच पोतेरं आहे. फक्त त्याच्यावर कुणाचं नाव नाही.”

तीन रांगा हसल्या. डेलियासुद्धा हसली असती. पण तेवढ्यात खेळाडू नंबरवार स्टेजवर यायला लागले. एक आला, दोन आला, तीन आला. आणि तिनाच्या मागून फिंटनचा मुलगा किलियन आला, त्याच्या पाठीवर चार.

कुणाच्या तरी बशीत चमचा पडला तो सगळ्यांनी ऐकला. सगळ्यांनी डेलियाकडे बघितलं आणि मग सगळ्यांनीच आपापल्या सँडविचमध्ये डोकं घातलं.

चार नंबर टिअर्ननचा होता. डेलियाचा एकुलता एक. नवरा आधीच गेलेला, घरात हे दोघंच. आमच्या फुटबॉलात चेंडूला हातही चालतो. हा डाव्या कोपऱ्यातला बचावपटू, उंचीनं बेताचा, पण समोरच्या फॉरवर्डच्या अंगाला असा चिकटायचा की त्याला चेंडू काय, हवासुद्धा मिळू नये. सरावाहून येताना ओल्या रस्त्यावर गाडी घसरून भिंतीवर गेली. बावीस वर्षांचा होता. शवपेटीवर क्लबनं त्याची जर्सी अंथरली, तशी इथं रीतच आहे. नंतर ती घडी करून आईच्या हातात देतात. डेलियानं ती घेतली नाही. म्हणाली, त्याच्याबरोबर जाऊ दे. गेली.

आणि तिथंच, कबरीशी, साऱ्या गावादेखत मास्तर लॅव्हिन म्हणाले होते, “डेलिया, हा क्लब असेपर्यंत क्लूनशीचा चार नंबर कुणी घालणार नाही.” कुठं लिहून ठेवलं नाही, ठराव केला नाही. मास्तरांचा शब्द होता आणि गावानं तो ऐकला होता. तेव्हापासून डाव्या कोपऱ्यातला पोरगा चोवीस नंबर घालायचा. बाहेरगावचे लोक विचारायचे, तुमचा चार कुठं गेला? त्यांना सांगितलं की ते टोपी काढायचे.

क्लबचे कपडे धुणारीही डेलियाच. टिअर्नन पाळण्यात होता तेव्हापासून चिखलानं भरलेली बॅग सामना संपला की तिच्या दारात यायची. धुऊन ती दोरीवर नंबरवार वाळत घालायची. तो गेल्यापासून तिनानंतर एका जर्सीएवढी जागा सोडायची, रिकामे दोन चिमटे लावायची, मग पाच. रस्त्यावरून जाणारा-येणारा ती रिकामी जागा बघायचा. तिला तेच हवं असायचं.

सोहळा आटोपल्यावर ती फिंटनपाशी गेली. “चार नंबर, फिंटन?”

“डेलिया! मी तुझ्याशी बोलणारच होतो.” बोलणार नव्हता, मेला. “कंपनी सलग संच देते गं. एक ते तीस. मध्ये भोक ठेवता येत नाही त्यांना.”

“मॅकनिफला ठेवता येत होतं.”

“मॅकनिफ म्हातारा झाला. डेलिया, मी तुझं दुःख समजतो. पण किती वर्षं झाली आता? क्लबला पुढं जायला हवं. मास्तरांनी भावनेच्या भरात काहीतरी म्हटलं असेल…”

“आणि घालायला तुझाच मुलगा सापडला.”

“कुणीतरी घालायलाच हवा ना?” त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, घर दाखवायला नेताना गिऱ्हाईकाच्या ठेवतो तसा. “आणि हो, हे नवं कापड नाजूक आहे, ते आता शहरात लाँड्रीत जाईल. तूही किती वर्षं राबलीस, आराम कर. जुना संच तेवढा चर्चमागच्या कपड्यांच्या डब्यात टाकून दे. कुणा गरिबाच्या अंगावर जाईल.”

मुलाचा नंबर घेतला, हातातलं काम घेतलं, आणि वर सांगतो आराम कर! डेलियाला वाटलं, हातातला गरम चहा याच्या शर्टावर ओतावा. ती एवढंच म्हणाली, “बरं.”

जुना संच घेऊन ती खरोखर त्या डब्यापर्यंत गेली. झाकण उघडलं. मग झाकण लावलं आणि बॅग घेऊन घरी आली. सगळ्या जर्सी पुन्हा एकदा धुतल्या, इस्त्री केली आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, जिथं कपडा वर्षभर कोरडा राहतो तिथं, नंबरवार रचून ठेवल्या. टाकल्यास का, असं फिंटननं पुढच्या रविवारी विचारलं. टाकल्या, म्हणाली. खोटं बोलल्याचं तिला तसूभरही वाईट वाटलं नाही.

इकडे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता शिमगा चालला होता. “आमच्या बाथरूमच्या फरशा अशाच आहेत.” “हिरवा कुठं आहे? मी चष्मा लावून शोधतोय.” “मोबाईलवर नमुना बघितला तेव्हा हिरवा होता हो, कमिटीची शपथ!” “मग जर्सीऐवजी मोबाईलच बांधा छातीला.” एकानं लिहिलं की कापड इतकं अंगाला घट्ट बसतं की आपली बेंबी स्टँडच्या शेवटच्या रांगेतूनही दिसते. दुसऱ्यानं लिहिलं, आम्हाला तुझी बेंबी तशीही दिसायचीच. मॅकनिफचे भक्त वेगळे, फिआनोरचे वेगळे, आणि कुठलाच क्लब कसा चांगली जर्सी करत नाही हे सांगणारे तिसरेच. डेलिया रोज सकाळी चहा घेत हे सगळं वाचायची. पोट भरायचं तिचं. म्हणायची, होऊ दे एकदा स्पर्धा सुरू, हरू दे त्या पोतेऱ्यात, मग बघते अध्यक्ष किती दिवस टिकतो.

काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, स्पर्धा सुरू झाली. आणि क्लूनशी जिंकली.

पहिल्या सामन्यानंतर ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “उन्हात तितकी वाईट दिसत नाही.” दुसऱ्या विजयानंतर, “डोळ्यांना सवय झाली.” तिसऱ्यानंतर लहान मापं संपली म्हणून तक्रारी! हीच माणसं! डेलियानं चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली, आणि कुणाच्या भल्यासाठी लावली नाही. आपल्याच गावाच्या पराभवासाठी संताला साकडं घालणारी क्लूनशीतली ती पहिलीच बाई असेल. संत बहिरा निघाला. उपांत्य फेरीत क्लूनशीनं बॅलिहॅस्किनला हरवलं. बॅलिहॅस्किन म्हणजे नदीपलीकडचं गाव, ज्यांच्याशी आमचा आजोबांपासूनचा उभा दावा. गाव वेडं झालं. दुसऱ्या दिवशी डेलिया दूध आणायला गेली, तर गल्ल्यामागं ब्रेडा उभी, अंगात तीच जर्सी.

“तूसुद्धा?” डेलिया म्हणाली.

“अगं, ते… सगळ्यांनीच घातलीय आज.”

“पोतेरं म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. जिंकल्यावर कसलंही पोतेरं बरं दिसतं, डेलिया, खोटं कशाला बोलू?” ब्रेडा ओशाळली. “तुझं मला कळतं गं. पण पोरं जिंकतायत. आपलीच आहेत ना ती?”

डेलियानं दूध तिथंच ठेवलं आणि घरी आली. कोरा चहा प्यायली. तिच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती: अंतिम सामना जिंकला तर त्या संघाचा फोटो निघणार. तो हॉलमध्ये लागणार, पबमध्ये लागणार, नव्वद वर्षं लटकणार. आणि त्यात चार नंबर घातलेला स्काहिलचा मुलगा असणार. टिअर्ननची जागा कायमची बुजणार. लोक म्हणतील, चार नंबर? तो किलियनचा.

मग त्या आठवड्यात ब्रेडा स्वतःच धापा टाकत तिच्या घरी आली. दूध घेऊन.

“ऐकलंस का? अगं, रंग जुळले!”

अंतिम सामना टोबरनाहशी होता. टोबरनाह आजवर खालच्या गटात कुठंतरी खितपत पडलेलं, यंदाच वर चढलेलं. त्यांच्याशी क्लूनशीची गाठच कधी पडली नव्हती, त्यामुळं त्यांचा रंग कुठला हे जर्सी निवडताना कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. टोबरनाहचा रंग आकाशी निळा.

“रेफ्रीनं दोन्ही जर्सी मागवून घेतल्या,” ब्रेडा खुर्चीत बसत म्हणाली. “फिंटन म्हणतो, आमची हिरवी आहे. रेफ्री म्हणतो, ही हिरवी? मला निळी दिसते, माझ्या बायकोलाही निळी दिसते. मग स्पर्धा भरवणाऱ्या बोर्डानं नाणं उडवलं आणि आपण हरलो. आपण बदलायची. आणि आपल्याकडे दुसरी जर्सी आहेच कुठं?”

“कंपनीला सांगावं,” डेलिया शांतपणे म्हणाली. “मोठी कंपनी आहे. कापड श्वास घेतं.”

“कंपनी म्हणते तीन आठवडे लागतील. सामना रविवारी आहे!” ब्रेडा पुढं वाकली. “आता सगळ्यात भारी ऐक. बॅलिहॅस्किनवाल्यांनी निरोप पाठवलाय. म्हणे, आमचा लाल संच घ्या, शेजारधर्म आहे. आणि त्यांच्या छातीवर कुणाचं नाव आहे माहितीय ना?”

डेलियाला माहीत होतं. टॉमी ग्लिन. घरं-जमिनी विकणारा. फिंटनच्या ऑफिससमोरच ऑफिस असलेला, फिंटनचा जानी दुश्मन.

आणि डेलिया हसली. मार्चापासून पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अंतिम सामन्याला क्लूनशीची पोरं बॅलिहॅस्किनच्या लाल जर्सीत उतरणार, स्काहिलचा मुलगा छातीवर टॉमी ग्लिनचं नाव मिरवणार, आणि साऱ्या काउंटीसमोर अध्यक्षमहाशय टाळ्या वाजवणार! संत बहिरा नव्हता तर. नुसता सवडीनं काम करणारा होता.

तिनं फक्त गप्प बसायचं होतं. कपाट बंदच राहू द्यायचं होतं.

दोन दिवस ती गप्प बसली आणि ते दोन दिवस तिला फार गोड गेले. पण तिसऱ्या दिवशी, भांडी घासताना, टिअर्ननच्या पुढच्या दाताचा तुकडा आठवला. बॅलिहॅस्किनच्याच एका दांडग्यानं कोपर मारून पाडलेला. घरी येऊन रक्ताळलेल्या तोंडानं म्हणाला होता, आई, काही झालं तरी यांच्यापुढं हरलो नाही बघ. आणि आता त्याच्या संघानं लाल घालायची? तो असता तर नागडा खेळला असता, पण लाल घातली नसती. डेलियाचा हात थांबला. सूड घ्यायचा तो फिंटनचा. टिअर्ननच्या गावाची अब्रू त्यात कशाला जाळायची? तिनं हात पुसले आणि ब्रेडाच्या दुकानात गेली.

“सांग त्याला,” ती म्हणाली, “जुना संच माझ्याकडे आहे. धुतलेला, इस्त्रीचा.”

ब्रेडाच्या हातातला पाव खाली पडला. “मेले! आणि आत्तापर्यंत…”

“पण त्यानं स्वतः यायचं. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर दार उघडणार नाही. आणि येताना ती नवी चार नंबर घेऊन यायची.”

शनिवारी दुपारी तो आला. सकाळपासून पाऊस होता, आणि हा कुणाला तरी शेत दाखवून तसाच आलेला, बूट घोट्यापर्यंत माखलेले. डेलियानं स्वयंपाकघराची फरशी घासून ठेवली होती. आरसाच. तिनं दार उघडलं आणि त्याला पाय पुसायला सांगितलं नाही. तो सरळ आत, टेबलापर्यंत आला. मागं चिखलाची रांग.

“डेलिया, देवासारखी धावून आलीस. क्लब तुझे उपकार…”

“जर्सी आणलीस?”

त्यानं कोटाच्या आतून घडी केलेली नवी चार नंबर काढून टेबलावर ठेवली. “ही ठेवून घे तू. आठवण म्हणून. मला वाटतं आपला काहीतरी गैरसमज झाला होता. मी चुकलो असेन, नाही म्हणत नाही, पण हेतू…”

“फिंटन, घर विकतोयस का?”

त्यानं कोटाचं बटण लावलं.

“माझी फरशी बघ,” डेलिया म्हणाली.

त्यानं मागं वळून बघितलं. “अरेरे. माफ कर. कुठं फडकं आहे का?”

“आहे की. तुझ्यासमोरच आहे.”

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा कॉलरपासून वर लाल होत गेला, पार बॅलिहॅस्किनच्या रंगावर गेला. “डेलिया. हे काही बरोबर नाही.”

“बॅलिहॅस्किनचा संच आहेच. लाल रंग तुला शोभतो, आत्ताच बघतेय मी. जा, टॉमी ग्लिनला माझा नमस्कार सांग.”

बाहेर पाऊस पडत होता. फिंटननं दाराकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. डेलिया हाताची घडी घालून उभी होती. शेवटी त्यानं ती जर्सी उचलली आणि गुडघे टेकले. कापड श्वास घेणारं असलं तरी पाणी काही शोषत नव्हतं, चिखल नुसता इकडून तिकडे फिरत होता, त्यामुळं त्याला पुन्हा पुन्हा घासावं लागलं. छातीवरचं ‘स्काहिल प्रॉपर्टीज’ आधी तपकिरी झालं, मग वाचता येईना.

“टेबलाखाली राहिलंय,” डेलिया म्हणाली.

तो टेबलाखाली गेला.

“कोपऱ्यात.”

त्यानं कोपरा पुसला. धापा टाकत, गुडघ्यांवरच मागं बसला. “झालं?”

“नाव घे त्याचं.”

“काय?”

“त्या दिवशी हॉलमध्ये माईक हातात होता तुझ्या. कंपनीचं नाव घेतलंस, कापडाचं घेतलंस, स्वतःचं तर किती वेळा घेतलंस. त्याचं एकदाही घेतलं नाहीस. घे.”

त्यानं घसा खाकरला. “टिअर्नन,” तो म्हणाला.

“क्लूनशीचा चार नंबर कोण घालतं?”

“कुणी नाही.”

“मोठ्यानं.”

“कुणी नाही, डेलिया! कुणी घालत नाही!” तो उठला. हातात तो चिखलाचा बोळा, पँटचे गुडघे ओले. “झालं समाधान?”

“नाही,” डेलिया म्हणाली. “पण फरशी स्वच्छ झाली.”

मग तिनं कपाट उघडलं. पांढऱ्या जर्सींचा ढीग, पट्ट्यावर पट्टा जुळवलेला. तिनं एकेक काढून बॅगेत भरली. एक, दोन, तीन. मग तिचा हात थांबला, जसा दर वेळी थांबायचा तसा. मग पाच. फिंटन बघत होता, आणि का कोण जाणे, तेव्हा त्यानं खरोखरच मान खाली घातली. डेलियानं ते पाहिलं. तिचं मन काही त्यानं विरघळलं नाही, हे स्पष्टच सांगते.

रविवारी ती सामन्याला गेली. टिअर्नन गेल्यापासून ती मैदानावर पाऊल ठेवत नव्हती, दारात आलेला चिखल तेवढा धुवायची. क्लूनशीचा संघ स्टँडखालच्या बोगद्यातून बाहेर आला, पांढरा, हिरवा पट्टा, कॉलर, आणि आमच्या बाजूनं असा काही आवाज उठला की टोबरनाहची पोरं चेंडू टाकून बघायला लागली. “याला म्हणतात जर्सी!” बेंबीवाला ओरडत होता. “मी पहिल्यापासून सांगत होतो!” बोलताना त्याच्या अंगात नवीच होती.

सामना शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. अखेरच्या मिनिटाला क्लूनशी एका गुणानं पुढं, आणि टोबरनाहचा फॉरवर्ड गोलासमोर मोकळा सुटला. डाव्या कोपऱ्यातून एक पोरगा धावत आला, पाठीवर चोवीस. किलियन स्काहिल. डेलिया त्याचा तिरस्कार करत होती. तरी ती उभी राहिली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली, “चिकट त्याला! हात, हात घाल!” तो आडवा झेपावला, चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला आणि शिट्टी वाजली. शेजारी ब्रेडा तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. डेलियाही रडली, पण कशासाठी ते तिनं ब्रेडाला सांगितलं नाही.

फोटो निघाला. चषक मध्ये, पोरं नंबरवार भोवती, मागं कोपऱ्यात अध्यक्ष. आता तो हॉलमध्ये लागलाय, पबमध्ये लागलाय, ब्रेडाच्या गल्ल्यामागं लागलाय. पांढऱ्या जर्सी, हिरवे पट्टे. स्काहिलचं नाव त्या अख्ख्या फोटोत कुठंही नाही. तिनानंतर पाच.

सोमवारी सकाळी चिखलानं भरलेली बॅग डेलियाच्या दारात होती. लाँड्रीचा कुणी विषय काढला नाही. ग्रुपवर आता सगळे मॅकनिफचे भक्त आहेत. नव्या जर्सी लोक घरात रंगकाम करताना घालतात.

किलियन एकदा तिच्याकडे आला होता. टोपी हातात. “मिसेस हेव्हरन, मला तो नंबर नको होता,” म्हणाला. “बाबांपुढं माझं चाललं नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.” हवंच होतं, ती म्हणाली. पण त्याला आत घेतलं, चहा दिला, आणि त्यानं दारात पाय पुसले.

पाय पुसायला दारात तीच आहे. नवी चार नंबर, चौपदरी दुमडलेली, छातीची बाजू वर. डेलिया दर शनिवारी ती मुद्दाम धुते, म्हणजे नाव पुन्हा वाचता यावं. फिंटनला ऑफिसला जायला तिच्या दारावरूनच रस्ता आहे. धुण्याच्या दिवशी दोरीवर सगळ्या जर्सी वाळत असतात, तिनानंतर दोन रिकामे चिमटे, आणि खाली दारात ते पोतेरं. तो गाडीतून समोर बघत, मान न वळवता जातो. डेलिया चहाचा कप घेऊन खिडकीत उभी असते.

ब्रेडानं तिला एकदा विचारलं, “अगं, आता तरी माफ करशील की नाही त्याला?”

“बघू,” डेलिया म्हणाली. “आधी ते झिजू दे.”